चोल्याखालचा स्वार

नाना, आज दुपारी वरच्या गावाहून दोन माणसं आली होती. एक त्या म्हाताऱ्याचा मुलगा, जो तेव्हा डोक्यावर माती घेऊन हद्द चालला त्याचा. आता हाही पोराबाळांचा बाप झालाय. दुसरा धारचाच पाथरवट. मी शाळेतून नुकताच आलो होतो, कोटसुद्धा काढला नव्हता. ओट्यावर चारोळीची पुरचुंडी ठेवून तो म्हणाला, "मास्टर साब, थोड़ो सो काम है. दादा को चोलो उतरी ग्यो." म्हणजे त्यांच्या मूळपुरुषाच्या दगडावरचा शेंदराचा थर ह्या पावसाळ्यात आपोआप गळून पडला. खाली काहीच नाही म्हणे, गुळगुळीत दगड. "पाणी ने घिसी दियो होयगा," तो म्हणाला, "पण आपने तो देख्यो थो. देखणे वालो अब एक आप ज बच्यो हो." थंडीत नवी मोजणी येतेय, पलीकडचं गाव पाण्याच्या कुंडीवर परत हक्क सांगणार, तर त्याआधी गावाला तो घोडेस्वार पुन्हा कोरून घ्यायचाय, जसा होता तसा. आणि तो कसा होता ते मी सांगायचं. पाथरवटानं ओट्याच्या फरशीवर चित्र काढून घ्यायला कोळसासुद्धा बरोबर आणला होता.

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. ह्या एका गोष्टीबद्दल आपण दोघं कधी धड बोललोच नाही. तेव्हा नाही, नंतर बदनावरला गेल्यावरही नाही. म्हणून लिहायला बसलोय. माझं मराठी तुम्हाला माहीतच आहे, इंदूरच्या इंग्लिश शाळेत घडलेलं. मोडी मला कधी आली नाही, आणि तुमच्या पत्रांतली ती सुरुवातीची लांबलचक दंडवतं मला अजून जमत नाहीत. जसं बोलतो तसं लिहितो. तुम्ही हसाल, हसा.

छप्पन्याच्या, म्हणजे संवत १९५६च्या दुष्काळाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. मी वीस वर्षांचा, कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेलो, आणि जुन्या दगडांचं वेड लागलेला. आमच्या एका प्रोफेसरांनी शिकवलं होतं, ओला कागद दगडावर चापायचा, ब्रशनं ठोकून खाचांत बसवायचा, वर शाईची गादी फिरवायची, की डोळ्याला न दिसणारं कोरीवकामसुद्धा कागदावर उतरतं. मी ते सामान ट्रंकेत घालून घेऊन फिरत होतो. आई म्हणायची, "हा मुलगा देवळात जातो आणि देवाकडे पाठ करून भिंत वाचत बसतो." तुम्ही तेव्हा धारचे अमीन, महसुलाचे अधिकारी, आणि तुम्हाला त्या वेळी हद्दीच्या तंट्यासाठी वरच्या गावाला जायचं होतं. मी मागे लागलो, मला न्या, मी त्या गावाची हिस्टरी लिहितो. तुम्ही म्हणालात, "चल. पण तिथं मी पंच आहे आणि तू पंचाचा मुलगा आहेस, एवढं लक्षात ठेव." मी हो म्हटलं. वीस वर्षांचा माणूस कशालाही हो म्हणतो.

ते गाव अजून तसंच आहे. विंध्याच्या अगदी कडेला, वीस-बावीस घरं, सागाची आणि मोहाची झाडं, आणि शेवटच्या घराच्या पुढे जमीन एकदम संपते. खाली सगळा निमाड पसरलेला, आणि हवा स्वच्छ असली की लांब नर्मदेची चकाकती रेघ. गावामागच्या डोंगरधारेवर ती कुंडी, खडकातली, दोन खाटा मावतील एवढीच. पण छप्पन्याला सगळ्या विहिरी आटल्या तेव्हा ती आटली नाही. अलीकडचं गाव धार संस्थानचं, पलीकडचं अमझेऱ्याकडचं, म्हणजे शिंदे सरकारचं, आणि कुंडी नेमकी मधे. दोन्हीकडच्या पटेलांनी तुमचं नाव पंच म्हणून मान्य केलं होतं, कारण तुम्ही कुणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हता. पलीकडच्या बाजूनं बोलायला शिंदे सरकारचा एक कामदार, म्हणजे कारभारी, आला होता, आपल्यासारखाच मराठी, पांढरं पागोटं, फार मऊ बोलायचा.

कुंडीच्या अलीकडे तो दगड उभा होता. कमरेएवढा, आणि शेंदरानं इतका जाड झालेला की आतला दगड केवढा ते कळत नव्हतं. म्हाताऱ्यानं, म्हणजे अलीकडच्या गावाच्या पटेलानं, पहिल्याच दिवशी मला त्याची गोष्ट सांगितली. पेंढारी घोड्यांना पाणी पाजायला वर आले, तेव्हा गावानं बायका आणि गुरं खोऱ्यात लपवली आणि हा एकटा कुंडीपाशी उभा राहिला, धनुष्य आणि बारा तीर घेऊन. म्हातारा बोटांवर तीर मोजायचा आणि शेवटी रिकामी मूठ उघडून दाखवायचा, "तेरमो नी थो." मी सगळं नोटबुकात लिहून घेत होतो, इंग्लिशमधे. लिहिता लिहिता तो दादा माझ्या नोटबुकात आधी वॉरियर झाला, मग चीफ झाला. मी विचारलं, दगडावर कोरलेलं काय आहे? तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाबू, यो भाटो थोड़ी है. यो म्हारो दादो है." दर दिवाळीला प्रत्येक घर एक अंगठा शेंदूर लावतं, लग्न झालं की एक बोट, मूल झालं की एक बोट. चोला कुणी काढत नाही. तो आपण होऊन सुटला, तर समजायचं दादा उठून चालला.

तुम्हा सगळ्यांचं ठरलं ते असं, की रीतीप्रमाणे म्हातारा हद्द चालेल. वादाच्या जागेची माती डोक्यावर घेऊन, अनवाणी, दादाला हात लावून निघायचं, आणि एकही पाऊल मागे टाकायचं नाही. तो जिथून चालेल ती हद्द. पण सात दिवसांत त्याच्या घरात माणूस किंवा जनावर मेलं, तर तो खोटं चालला, कुंडी पलीकडच्यांची. दोन्ही गावांनी माना डोलावल्या. मी तुमच्या मागे बसून मनात म्हणत होतो, हे काय, एवढा मोठा कोरीव पुरावा समोर उभा आहे आणि तुम्ही माणसाला चालायला लावताय. फक्त कुणीतरी वाचायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मोहाखाली जुने कागद बघत होता. मी लोटाभर पाणी, ब्रश, कागद आणि चाकू घेऊन वर गेलो. तिथं कुणी नव्हतं. मला वाटलं होतं थोडंसं खरवडून बघू, एक कोपरा. चाकू कडेनं आत गेला आणि अख्खा चोला नारळाच्या करवंटीसारखा सुटून माझ्या हातात आला. जड होता, लहान मूल घेतल्यासारखा. खाली, नाना, काहीच नव्हतं. ना घोडा, ना धनुष्य, ना अक्षर. ओढ्यात मिळतो तसला काळा, घासलेला दगड. माझा विश्वास बसेना. मी कागद ओला करून चापला, ठोकला, शाई फिरवली. वाटलं, डोळ्याला दिसत नाही ते कागदावर येईल. कागद काळा झाला, बस. मग खाली कुठंतरी बायकांचा आवाज आला. कागद कसाबसा गुंडाळला, ओली माती आणि लोट्यातलं पाणी कालवून चोला परत बसवला. बसला. कडेनं एक बारीक चीर राहिली.

संध्याकाळी तुम्ही तंबूमागे तीन दगडांच्या चुलीवर वरण करत होता. तुमचा डावा हात पळीवर. आजीनं लहानपणी इतकं मारलं तरी तो हात काही बदलला नाही, जेवण तेवढं उजव्या हातानं, बाकी सगळं डाव्यानं. लिहिणंही. कचेरीत लोक तुम्हाला मागून डावरे म्हणायचे ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही माझं पान मांडलंत आणि म्हणालात, "हात धुऊन ये."

"धुतले."

"परत धू."

मी राखेनं घासून आलो. तुम्ही माझा अंगठा धरून चुलीच्या उजेडात बघितलात. नखाखाली शेंदूर होता.

"त्या म्हाताऱ्याला विचारायला काय झालं होतं तुला?"

"तो नाही म्हणाला असता."

"मग?"

मी पानावर बसलो.  खाली काय होतं ते तुम्ही विचाराल म्हणून मी थांबलो. तुम्ही एवढंच विचारलंत, "परत नीट बसवलास का?" मी म्हटलं, हो. तुम्ही वरणात मीठ घातलंत, मग विसरून परत एकदा घातलंत. आपण दोघांनी ते तसंच खाल्लं.

सकाळी दोन्ही गावं धारेवर जमली, माणसांनी आपापली धनुष्यं पायाशी ठेवलेली. म्हातारा अंघोळ करून, नवं फडकं गुंडाळून आला, दादापुढे वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याला चीर दिसली होती. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "चोलो छूटी ग्यो," तो हळूच म्हणाला. "दादो जई रियो है. म्हूं नी चालूं." एका बाईनं तोंडात पदर घातला. पलीकडच्यांत कुजबुज सुरू झाली, आणि कामदार मऊ आवाजात म्हणाला, "चालणार नसेल तर तसं लिहून घ्या, अमीनसाहेब. कुंडी आमची झाली."

मला तेव्हा काय करायला पाहिजे होतं ते एखाद्या पोरालाही कळलं असतं. पुढे व्हायचं आणि म्हणायचं, दादा कुठं गेलेला नाही, मी काढला चोला. पण पंचाचा मुलगा पुराव्याला चाकू लावतो म्हटल्यावर तुमचं काय होणार, हेही मला कळत होतं. खरं सांगू, तुमचा विचार मला नंतर सुचला. आधी मला त्या तीसेक धनुष्यांची भीती वाटली.  आणि तुम्ही उठलात. अंगरखा झटकलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "दादा कुठं नाही गेले, पटेल. चोला माणसाच्या हातानं निघालाय. मी काढवला, पाहणीसाठी. तुम्हाला विचारलं नाही ही माझी चूक."

 कामदार पुढे आला. "पंचानंच हात लावला, तर मग पंच कसला? आता सगळ्यांसमोर काढा. आम्हालाही बघू दे, खाली वीर आहे की नुसताच गोटा." अलीकडची माणसं उठून उभी राहिली. ओरडलं कुणी नाही. जमिनीवरून धनुष्यं उचलल्याचा तेवढा आवाज झाला. तुम्ही दोन्ही हात वर केलेत. "दगडाची पुन्हा विटंबना होणार नाही. खाली काय आहे ते माझ्या मुलानं पाहिलंय. तो सांगेल."

"दगडावर हात ठेवून सांगू दे."

तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमच्या तोंडावर काहीच नव्हतं, ना राग, ना खूण. "ठेव हात," म्हणालात.

मी हात ठेवला. तळव्याखाली चोला सुटलेल्या दातासारखा हलला. मी म्हणालो, "स्वार आहे. घोड्यावर. हातात तलवार. वर सूर्य आणि चंद्र." पुस्तकात बघितलेल्या सगळ्या वीरांच्या दगडांवर असतं तसंच. म्हाताऱ्यानं दोन दिवस बोटांवर तीर मोजून दाखवले होते, तरी माझ्या तोंडून धनुष्य आलं नाही. कामदारानं विचारलं, "तोंड कुणीकडे?" मी म्हटलं, "कुंडीकडे." कारकुनाचा बोरू कागदावर कुरकुरत राहिला. कामदार खरं बोलत होता नाना, तो नुसताच गोटा होता, आणि मी त्या मऊ बोलणाऱ्या माणसाला सगळ्या पंचक्रोशीत खोटा पाडला.

म्हातारा मातीची टोपली घ्यायला माझ्या शेजारून गेला. माझ्याकडे न बघता, ओठसुद्धा न हलवता म्हणाला, "घोड़ो कां से लायो, बाबू? दादो तो पगे-पगे थो."  त्याला कळलं होतं. शपथ खोटी आहे हे कळलेलं असताना आणि घरात बायका-पोरं असताना, त्यानं टोपली डोक्यावर ठेवली, त्या हलणाऱ्या चोल्याला बोटं लावली आणि म्हणाला, "चालो. सवार तो सवार सही."

कड्याच्या काठानं जाताना एका जागी वाट हातभरच आहे. तिथं त्याचा पाय घसरला. थोडी माती खाली निमाडात सांडली. मागे पाय घेतला असता तर सगळं संपलं असतं. तो एका पायावर तसाच उभा राहिला, किती वेळ ते मला सांगता येणार नाही, आणि मग पाय पुढेच टाकला. कुंडी आत घेऊन, पलीकडच्या सालईच्या झाडापाशी त्यानं टोपली उतरवली.

मग ते सात दिवस. तुम्ही रोज सकाळी त्याच्या अंगणाबाहेर उभं राहून विचारायचात, "घरात सगळं ठीक?" पाचव्या दिवशी त्याच्या मुलाला ताप भरला. आज माझ्या ओट्यावर बसला होता तोच मुलगा. मी फिजिक्स-केमिस्ट्री शिकलेला माणूस, मला माहीत होतं हा हिवताप आहे, डोंगरात असतोच. तरी मी दोन दिवस अन्नाला शिवलो नाही. ट्रंकेतलं क्विनिन घेऊन गेलो तर म्हातारी दारात आडवी आली. म्हातारा म्हणाला, "लेवा दे. सवार लायो तो दवई भी लायो होयगा." कामदार म्हणाला, ताप म्हणजे अनिष्टच. तुम्ही म्हणालात, "मरण ठरलं होतं. ताप ठरला नव्हता." सातव्या दिवशी सकाळी पोरगा अंगणात बसून भाकरी मागत होता. कुंडी वरच्या गावाची झाली. दोन्ही पटेलांनी अंगठे उठवले.

तुमच्या रिपोर्टात तुम्ही ते वाक्य स्वतः लिहिलंत. चोला माझ्या सांगण्यावरून काढला. डाव्या हाताच्या तुमच्या त्या मागे झुकलेल्या अक्षरात. मी ते पुसून टाका म्हटलं नाही, तुम्ही पुसलं नसतंत. पंचानं पुराव्याला हात लावला, एवढं कारण पुरे झालं. अमिनी गेली आणि बदनावरच्या कचेरीत नकला करायचं काम आलं. आपण बैलगाडीत बसलो होतो, ट्रंका मागे, आई गप्प. धारची तटबंदी दिसेनाशी झाल्यावर तुम्ही एकदम म्हणालात, "सूर्य-चंद्र बरे सुचले तुला." मी वळून बघितलं तर तुम्ही गाडीवानाला म्हणत होता, "चाल भिया, बदनावर लांब आहे." बस. त्यानंतर त्या दगडाचं नाव आपल्या घरात निघालं नाही. दोन वर्षांनी तुम्ही तापानं गेलात. मी इंदूरहून निघालो, पण पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. मी अजून कधी कधी मोजतो. म्हाताऱ्याच्या घरात सात दिवसांत कुणी मेलं नाही. आपल्या घराचे दिवस कुणी ठरवले नव्हते.

तो कागद माझ्याकडे आहे. तेव्हा ट्रंकेच्या तळाशी घातला तो तिथंच राहिला. जाड, एका बाजूनं काळा, आणि काळ्यात पांढरे ठिपके, दगडाच्या खरबरीत अंगाचे. आज काढला. कोरी बाजू वर करून हे त्याच्यावरच लिहितोय. घरात दुसरा कागद नाही असं नाही. पण हे लिहून झालं की ह्याची घडी परत तळाशीच जाणार, तेव्हा म्हटलं एकदाच काय ते होऊन जाऊ दे. त्या माणसांना हा कागद दाखवला असता तर खरं काय ते दोन मिनिटांत संपलं असतं. कुंडीही संपली असती. मी आतल्या खोलीपर्यंत गेलो, ट्रंकेला हात लावला, आणि पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आलो.

पाथरवट कोळसा घेऊन फरशीवर वाकला होता. घोडा कुठल्या बाजूला, मी सांगितलं. तोंड कुंडीकडे. सूर्य-चंद्र कुठं, सांगितलं. म्हाताऱ्याचा मुलगा हसून म्हणाला, "म्हारो बाप मरता तक केतो थो, घोड़ो मास्टर साब को है." मीही हसलो. पाठीवर बाणांचा भाता काढ म्हटलं, बारा तीर, मोजून. दप्तरात तो नाही, पण असू दे. मिशा? मी म्हटलं, नाहीत. मग पाथरवटानं विचारलं, तलवार उजव्या हातात ना?

दप्तरात नुसतं हातात तलवार असं लिहिलंय. कुठला हात ते कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, डाव्या.

त्यानं कोळसा थांबवला. "मास्टर साब, तीस बरस से पत्थर घड़ता हूँ, डावखुरा वीर कधी कोरला नाही. कुठं बघितलाही नाही."

म्हटलं, मी बघितलाय.